तीन साइटच्या कॉन्ट्रॅक्टरने कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकजवळचे एक कॉन्ट्रॅक्टर, बंगले आणि रो-हाउस बांधतात, वर्षाला एक-दोन जिल्हा परिषदेची कामं घेतात. एका वेळी तीन साइट चालू. एस्टिमेट स्वतः एक्सेलवर करतात, हिशेब त्यांच्या पत्नी टॅलीवर बघतात. एका कंपनीचा माणूस येऊन एस्टिमेटपासून बिलापर्यंत सगळं एकाच ठिकाणी होणारं सॉफ्टवेअर दाखवून गेला. भाव वर्षाला ८५,००० रुपये. घ्यावं का? नसेल तर दुसरं कोणतं?

माझं मत, आत्ता घेऊ नका. पुढच्या वर्षी कदाचित घ्याल आणि तेव्हा ते वसूलही होईल. शिवाय तो आकडा ८५,००० नाही, १८ टक्के जीएसटी धरून १,००,३०० आहे. त्या कराचं क्रेडिट नंतर मिळेल, पैसे आज जातात. पण मला किमतीपेक्षा त्या डेमोची काळजी वाटते. डेमोतल्या साइटवर चलन हरवत नाही, मुकादम न सांगता गावी जात नाही आणि घरमालक शनिवारी येऊन खिडकीची जागा बदलत नाही. सगळे रकाने भरलेले असतात. तुमच्या साइटवर ते कोण भरणार, हे त्या माणसाने विचारलं का?

एक काम आधी करा. संपलेल्या कामांपैकी शेवटची तीन काढा. प्रत्येकाचं एस्टिमेट एका बाजूला आणि प्रत्यक्ष खर्च दुसऱ्या बाजूला, आयटमवार. खोदाई, पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट), फुटिंग (कॉलमचा पाया), कॉलम, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी, प्लंबिंग असं ओळीने. बहुतेक जण पहिल्या तासातच अडकतात, कारण टॅलीत सिमेंटचं बिल 'सिमेंट' म्हणून पडलेलं असतं; कोणत्या साइटचं आणि कोणत्या कामाचं ते कुठेच नसतं. तुम्हीही अडकलात तर दुखणं सापडलं म्हणायचं. त्यावर औषध ८५,००० चं नाही. टॅलीप्राइममध्ये साइटमागे एक कॉस्ट सेंटर (त्या साइटच्या खर्चाचं वेगळं खातं) आणि एक गोडाऊन (तिथल्या मालाचा वेगळा साठा) उघडायला वहिनींना एक दुपार पुरेल. ही सोय तुम्ही पैसे देऊन आधीच घेतलेली आहे. मी हिशेब लावायला ज्या ऑफिसांत जातो त्यातल्या निम्म्यांत ती कधी उघडलेलीच नसते.

मी या धंद्यात चोवीस वर्षं आहे. पहिली बारा स्वतःच्या साइटवर, पुढची दुसऱ्यांच्या साइटचे हिशेब लावून देण्यात. एस्टिमेटमधली बेरीज चुकली म्हणून बुडालेला कॉन्ट्रॅक्टर मी फार थोडा पाहिला. पैसे जातात ते न लिहिलेल्या जादा कामात. माझंच सांगतो. उक्त्याने, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून, घेतलेला बंगला होता. मालक एका संध्याकाळी साइटवर आले, म्हणाले, कंपाउंड वॉल जरा दोन फूट वर घ्या, रस्त्यावरून सगळं दिसतंय. मी हो म्हटलं. १८० फूट लांब, नऊ इंची भिंत. म्हणजे २७० घनफूट वीटकाम, साडेतीन-चार हजार विटा, दोन्ही बाजूंचं मिळून ७२० चौरस फूट प्लास्टर. शिवाय कॉलम वाढले, कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरचा थर) मागाहून पुन्हा. शेवटच्या बिलात ते लावलं तेव्हा मालक अगदी शांतपणे म्हणाले, "अहो, कंपाउंड तर उक्त्यातच होतं ना?" माणूस खोटं बोलत नव्हता, त्याच्या डोक्यात ते तसंच बसलं होतं. तेव्हाच्या दराने पन्नास हजारांच्या आसपास मी सोडले.

तेव्हापासून माझा नियम असा की जादा काम सांगितलं त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर तीन ओळी जातात. काय वाढलं, माप किती, अंदाजे खर्च किती, कळवा. 'ओके' आल्याशिवाय वीट लागत नाही. सॉफ्टवेअर बघायला बसाल तेव्हा त्याच्याकडून पहिली अपेक्षा हीच ठेवा. साइटवर उभं राहून दोन मिनिटांत जादा कामाची नोंद फोटोसकट झाली पाहिजे, ती मालकाकडे गेली पाहिजे आणि शेवटच्या बिलात आपोआप उतरली पाहिजे. हे होत नसेल तर रंगीत डॅशबोर्डचा काही उपयोग नाही.

आता एस्टिमेट. इथे विक्रेत्याला बोलू देऊ नका, तुम्ही गणित घाला. त्याला म्हणा, १००० चौरस फूट, ५ इंच जाडीचा स्लॅब, १:१.५:३ चं मिश्रण (सिमेंट, वाळू, खडी), हाताने मिसळलेलं, माझ्यासमोर टाका. तोवर तुमच्या डोक्यात उत्तर तयार असू द्या. ४१७ घनफूट, म्हणजे ४.१७ ब्रास, म्हणजे ११.८ घनमीटर. घनमीटरला आठ गोण्यांनी सिमेंट साधारण ९५ गोण्या, वाळू पावणेदोन ब्रास, खडी साडेतीन ब्रास. बीम वेगळे. त्याचं उत्तर याच्या जवळ आलं तर पुढे बोला. आणि ब्रास हे एकक त्यात आहे का ते बघा. परदेशी प्रॉडक्टमध्ये घनयार्ड असतो, जो २७ घनफुटांचा. आपला ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे २.८३ घनमीटर. एकक स्वतः तयार करता येत नसेल तर वाळूच्या प्रत्येक चलनावर कोणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन बसणार आणि महिन्याभरात ते बंद पडणार.

(वाळूचं निघालंच म्हणून. 'एक ब्रास' म्हणून येणारी ट्रॉली एकदा टेपने मोजा. १० बाय ५ ची ट्रॉली दोन फूट भरली तर १०० घनफूट. पावणेदोन फूट भरली तर साडेसत्त्याऐंशी. वर ती वाळू ओलसर असेल तर फुगलेली असते, वीस-पंचवीस टक्केसुद्धा. कोणतंही ॲप हे ओळखणार नाही, कारण चलनावर 'एक' लिहिलेलं असतं.)

दुसरी परीक्षा प्लास्टरची. दारं-खिडक्यांची वजावट कशी करायची हा नियम आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकात आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं उघडं वजा करायचं नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरचं एकाच बाजूने वजा, आणि त्या बदल्यात जांब-सिल (उघड्याच्या आतल्या कडा) मोजायचे नाहीत. तीनच्या वर असेल तर दोन्ही बाजूंनी वजा आणि जांब मोजायचे. खासगी कामात लेबर कॉन्ट्रॅक्टर बऱ्याचदा काहीच वजा करत नाही, भरीव मोजतो. पीडीएफ नकाशावर रेघा ओढून माप काढणारी सॉफ्टवेअर्स आहेत, प्लॅनस्विफ्ट, ब्लूबीम वगैरे; रेघा सुंदर ओढतात, पण वजावटीचा नियम तुम्ही सांगाल तसा. आठ दारं (१ बाय २.१ मीटर) आणि दहा खिडक्या (१.२ बाय १.२) असलेल्या बंगल्यात उघड्यांचं क्षेत्र ३१.२ चौरस मीटर होतं. एका बाजूने वजा करणं आणि दोन्ही बाजूंनी वजा करणं यात ३३६ चौरस फुटांचा फरक पडतो. लेबरला भरीव मोजून पैसे द्यायचे आणि मालकाला दोन्ही बाजूंनी वजा करून बिल द्यायचं, असं नकळत करणारे लोक मी पाहिलेत. दर वेगळे ठेवता येतात हे सगळ्यांना कळतं. मापंही दोन वेगळी ठेवता आली पाहिजेत, हे विचारायचं राहून जातं.

सळईचंही तसंच. एस्टिमेट सूत्राने होतं, व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १२ मिलिमीटरला मीटरमागे ०.८९ किलो. बिल काट्यावर होतं. १२ ते १६ मिलिमीटरच्या सळईला आयएस १७८६ वजनात पाच टक्के इकडेतिकडे चालवून घेतं, ८ आणि १० ला सात टक्के. म्हणून काट्याचं वजन आणि नगांची मोजणी दोन्ही एकाच चलनात लिहिता येतील असा रकाना हवा. नाहीतर फरक वेस्टेजमध्ये गेला, की कारखान्यातल्या रोलिंगमध्ये, की रात्री कंपाउंडवरून, हे कधीच कळत नाही.

आणि दर नेहमी कर वेगळा ठेवून लिहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांच्या दरपत्रकात गोणीचा दर करासकट एकच आकडा होता, त्यांना पीसीसीपासून फरशीखालच्या मालापर्यंत प्रत्येक आयटम पुन्हा उघडावा लागला. ज्यांनी मूळ दर आणि कर दोन पेशींत ठेवला होता त्यांनी एक आकडा बदलला आणि चहा प्यायला गेले. यासाठी कुठलंही विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही. एक शीट दरांची, एक शीट आयटमच्या पृथक्करणाची, एक एस्टिमेटची. पृथक्करण म्हणजे एक घनमीटर काँक्रीटला माझ्या गँगला किती माणसं लागतात, माझी वेस्टेज किती, माझ्या सेंट्रिंगच्या (स्लॅबखालच्या साच्याच्या) प्लेटा किती वेळा वापरून निघतात. हे आकडे तुमचे असले पाहिजेत. सॉफ्टवेअरसोबत येणारी तयार दरांची लायब्ररी बहुधा सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्राच्या बांधकाम खात्याच्या) दिल्ली दरसूचीवर किंवा आपल्या पीडब्ल्यूडीच्या (राज्याच्या खात्याच्या) दरसूचीवर उभी असते. तुलनेला चांगली, पण तुमच्या गवंड्याचा वेग तिला ठाऊक नाही.

जिल्हा परिषदेच्या कामांसाठी तर एस्टिमेट सॉफ्टवेअरची गरज मला आणखी कमी वाटते. बी-१ प्रकारच्या निविदेत अंदाजपत्रक खात्यानेच दरसूचीवर केलेलं असतं. तुम्ही फक्त किती टक्के वर की खाली ते भरता. तिथे प्रश्न एकच, खात्याच्या प्रत्येक आयटमच्या दराशेजारी तुमचा खर्च काय, आणि ज्या पाच-सहा आयटममध्ये कामाची बहुतेक रक्कम आहे त्यांत फरक किती. हे एक्सेलवर अर्ध्या दिवसाचं काम आहे. महाटेंडर्सवरची (राज्याच्या निविदांच्या वेबसाइटवरची) बीओक्यू, म्हणजे आयटम आणि दरांची, फाइल एक्सेलचीच असते आणि तिचं नाव बदललं की अपलोडला अडते, त्यामुळे एक्सेल तसंही सुटत नाही. पुढे मापपुस्तिकेत शाखा अभियंता जे लिहील त्यावर आरए बिल, म्हणजे काम चालू असतानाचं बिल, निघणार. तुमच्याकडे तारखेनिशी मापं आणि झाकल्या जाणाऱ्या कामांचे, म्हणजे फुटिंगचे आणि पायाखालच्या सोलिंगचे, फोटो असतील तर बोलता येतं. ते फोटो मात्र ॲपमध्ये साइटवार आणि तारीखवार राहिलेले बरे; फोनच्या गॅलरीत लेकीच्या वाढदिवसात मिसळलेले नकोत.

आता साइटवरच्या रोजच्या नोंदी, म्हणजे ज्यासाठी मी खरंच पैसे खर्च करायला सांगेन ती गोष्ट. पॉवरप्ले, ऑनसाइट अशी भारतीय ॲप्स आहेत. हजेरी, माल आवक, फोटो, साइटचा खर्च मोबाइलवरून भरायचा. यातलं कोणतं चांगलं ते मी इथे बसून सांगणार नाही, कारण ते तुमच्या मुकादमावर ठरतं. त्याच्या हातात द्या, काच तडकलेल्या त्याच्याच फोनवर, आणि बाजूला उभे राहा. मराठी दिसतं का? रेंज नसताना नोंद राहते का? कालची हजेरी आज भरता येते का? पाऊण रोज, दीड रोज लिहिता येतो का? स्लॅबच्या दिवशी काँक्रीटची गँग उक्त्यावर असते आणि आपली माणसं रोजावर, ते दोन्ही एकाच दिवसात बसतं का?

उचल कशी चढते ते तर नक्की बघा. बाजाराच्या दिवशी पगार, त्यातून मागची उचल थोडी कापायची, थोडी पुढे ढकलायची, आणि माणूस मधेच दुसऱ्या साइटवर गेला तर उचल त्याच्याबरोबर गेली पाहिजे. मी पाहिलेल्या एका ॲपमध्ये उचल साइटच्या नावावर चढायची, माणसाच्या नाही. साइट संपली, खातं बंद झालं, आणि सोळा हजारांची उचल कोणाच्याच नावावर उरली नाही. मुकादमाच्या खिशातल्या वहीत ती बरोबर होती. म्हणून पहिले दोन महिने वही बंद करू नका, दोन्ही चालू ठेवा; वही आणि ॲप जुळायला लागले की मुकादम स्वतःच वही विसरतो. आणि त्याला महिन्याला दोनशे-तीनशे रुपये जास्त द्या, रिचार्जच्या नावाखाली. नोंद ठेवणं हे काम आहे, ते फुकट होत नाही.

वेळापत्रकाबद्दल फार लिहीत नाही. एमएस प्रोजेक्ट आणि प्रायमाव्हेरा ही हत्यारं महामार्ग, मेट्रो, मोठ्या इमारतींची. निविदेत मागितली तरच. हौस असेल तर प्रोजेक्टलिब्रे फुकट आहे. तीन बंगल्यांना ऑफिसच्या भिंतीवरचा पांढरा फळा आणि पुढच्या पंधरा दिवसांची यादी पुरते. तुमच्यासाठी अडणारी गोष्ट बहुधा सेंट्रिंग. आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा. बीमचे सहा मीटरपर्यंत चौदा, पुढे एकवीस. हे साध्या ओपीसी सिमेंटचे दिवस. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरत असाल तर आणखी थांबावं लागतं. तेव्हा एका साइटच्या प्लेटा दुसऱ्या साइटला कधी जाणार हे फळ्यावर लिहा, बाकीची तारीख त्यातून निघते. आणि माणसांचं कॅलेंडर वेगळं. तुमच्याकडे ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी लागली की बिगारी मिळत नाहीत, ऊसतोडीची माणसं दिवाळीच्या आसपास जातात, बिहारची छठला. हे ज्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेलं असेल ते मला दाखवा, मी विकत घेतो.

अमेरिकन नावं तुमच्या कानावर येतील, प्रोकोअर, बिल्डरट्रेंड. चांगली आहेत, त्यांच्या कॉन्ट्रॅक्टरसाठी. आपल्या जीएसटीच्या, टीडीएसच्या आणि रोजाच्या हिशेबाला जोडायला तुम्हाला वेगळा माणूस ठेवावा लागेल.

एक अट मात्र कुठल्याही खरेदीला लावा. माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर निघतो का, हे डेमोच्या दिवशीच करून बघा. अहवाल पीडीएफमध्ये निघणं वेगळं. पूर्वी मी एक एस्टिमेटचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, सीडी आणि यूएसबीला लावायचं लॉक. चार वर्षांचं पृथक्करण त्यात. लॉक खराब झालं तेव्हा विकणाऱ्याचा फोन लागत नव्हता. प्रिंट काढलेल्या एस्टिमेटवरून दर पुन्हा टाइप करायला मला एक पावसाळा गेला. छोटी कंपनी म्हणून असं होतं असंही नाही. क्विकबुक्ससारख्या जगभर चालणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने २०२३ मध्ये भारतातली सेवा बंद केली आणि लोकांना आपापला डेटा उचलून दुसरीकडे जावं लागलं. म्हणून पृथक्करणाची मूळ शीट कायम तुमच्याकडे, सॉफ्टवेअरमध्ये तिची नक्कल.

मग तुम्ही करायचं काय? टॅलीत साइटवार कॉस्ट सेंटर या आठवड्यात. एस्टिमेटच्या आयटमना जे क्रमांक द्याल, ०१ खोदाई, ०२ पीसीसी असे, तेच मुकादमाच्या नोंदीत आणि तेच टॅलीच्या नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या टिपणीत). तिन्ही ठिकाणी क्रमांक एकच ठेवा, वीसच्या वर नेऊ नका. त्याशिवाय कुठलंही सॉफ्टवेअर एस्टिमेट आणि खर्च शेजारी मांडू शकणार नाही. मग साइटच्या दोन ॲप्सची फुकट ट्रायल घ्या, एकाच साइटवर, एकामागून एक. त्या विक्रेत्याला सांगा की मार्चनंतर बोलू. तो पुढच्या आठवड्यात कमी भाव घेऊन येईल, तरीही मार्चनंतरच. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घेतात का विचारा, आणि दर वापरणाऱ्यामागे आहे की साइटमागे ते लिहून घ्या. चौथी साइट लागली की तिथेच खर्च फुगतो.

शेवटचा शब्द वहिनींचा असू द्या. महिनाअखेरीला ॲपमधला साइटचा खर्च आणि टॅलीतला खर्च त्या जुळवणार. तुम्ही घरी जेवायला याल तेव्हा त्यांनी 'हे तिसऱ्यांदा जुळत नाहीये' म्हटलं तर ते ॲप सोडून द्या, साइटवर कितीही छान वाटत असलं तरी. ट्रायल मात्र स्लॅब असलेल्या आठवड्यातच सुरू करा. रिकाम्या आठवड्यात सगळीच ॲप्स चालतात.